सहा टक्के

शिमान्स्कीबाईंनी चष्मा पुसला, विचारलं,
"सहा टक्के म्हणजे घरातलं नेमकं काय?"

मी आकडे मांडले, रोजच्यासारखे.
एक लाख चौऱ्याऐंशी हजारांवर
अकरा हजार चाळीस. निम्मे समोरच्या एजंटचे.
"त्याला मी का द्यायचे?
तो तर माझ्या छताला नावं ठेवून गेला."
रीत आहे, म्हणालो.
घासाघीस चालते, हे जरा हळू म्हणालो.

माझ्या निम्म्यातलं निम्मं ऑफिसला,
मग पेट्रोल, पाटी, फोटो,
टोलीडोच्या बर्फातले सात रविवार
परक्यांना कपाटं उघडून दाखवण्यात गेलेले.
हे त्यांनी विचारलं नव्हतं.

त्या टेप घेऊन आल्या.
चौदाशे फुटांचे सहा टक्के: चौऱ्याऐंशी.
जिन्यामागची खोली भरली
सात बाय बारा. बरोबर.

स्टॅन शेवटचा हिवाळा तिथं झोपला,
जिना चढवत नव्हता म्हणून.
जाहिरातीत मी तिला
"उबदार स्टडी" लिहिलं होतं.

टेप सर्रकन आत गेली.
"पाच करा," त्या म्हणाल्या.
"खिडकीकडचे चौदा फूट राहू द्या मला.
त्याची खुर्ची मावायची तेवढ्यात."

मी सहा खोडलं.
त्यांनी पेन मागितलं.