खिशात नाही

तिकीट दोन युरो. कोट दाराशीच
खुंटीला लावायचा, असा नियम.
स्कैद्रितेबाई चष्म्यावरून बघतात,
मग दिवे लावतात एकेका खोलीचे,
आपण पुढे गेलो की मागचे विझवतात.

पहिल्या खोलीत भिंग. भिंगाखाली चिलट,
एक पाय उचललेला,
चार कोटी वर्षांपूर्वी कुठेतरी निघालेलं.
शेजारच्या खड्यात जाळ्याचा धागा,
माशी नाही, कोळी नाही,
नुसती तयारी.
"ही खपली," बाई म्हणतात, रशियन वळणाच्या इंग्रजीत,
"झाडाला लागलं होतं. बाकीचे मधे आले."

एक मणी स्वेटरच्या बाहीवर घासला,
तिकिटाचा कपटा उडून त्याला चिकटला.
आमच्याकडे तृणमणी म्हणतात, मी सांगितलं,
गवताची काडी ओढून घेणारा.
त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. 'तृ' काही जमेना.
ओढून घेणारा, हे मात्र पटलं.

शेवटच्या खोलीत एकाच काचेखाली
दोन खडे. पिवळे. पाटी नाही.
"ओळखा."
मी चुकलो.

दुसरा मेणाचा, नुसता दाखवायला.
खरा असा काचेखाली ठेवता येत नाही.
लढाई संपल्यावर बुडवलेले बॉम्ब गंजतात,
आणि वादळानंतर समुद्र शेवाळात गुंतवून
दोन्ही आणून टाकतो वाळूवर,
झाडाचा डिंक आणि फॉस्फरस.
ओले असेतो जुळे भाऊ.

इल्ग्वार्स नऊ वर्षांचा होता. यांचा धाकटा.
आईला द्यायचा म्हणून
खडा खिशात घालून पळत सुटला.
घर लांब होतं.
वाटेत खडा वाळला.

बाईंनी दिवा विझवला.

दारापाशी टेबलावर पत्र्याचे डबे,
बिस्किटांचे, चहाचे, एक बुटाच्या पॉलिशचा.
तिकिटाबरोबर एक फुकट.
"किनाऱ्यावर जाल. काही दिसेल, आवडेल.
यात ठेवा. खिशात नाही."

कोट चढवताना खिसा चाचपला,
सकाळी वेचलेला खडा त्यात नव्हता.
तेव्हा कुठे खुंटीचा नियम कळला.
मी भिंगात डोकं घालून बसलो होतो तेव्हाच
बाईंनी तो काढून घेतला असणार.
खिडकीत मिठाच्या पाण्याची बरणी होती,
तीत वर, अगदी वर, तरंगत होता.

"झाडाचा आहे," त्या म्हणाल्या,
पदराशी पुसावा तसा एप्रनला पुसला,
आणि तरीही
डब्यातच घालून दिला.