सातवा अजून बोललेला नाही

क्लायपेडा, फेब्रुवारी नव्व्याण्णव. खाडी गोठलेली,
फेरीबोट दुपारपासून बंद.
वाचनालयात मी, हीटरची टकटक,
आणि उर्ते कुर्शायटीटे, वय एकोणऐंशी.
मांडीवर पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला
धुरवलेला मासा, माझ्यासाठी.
लाच नव्हे, म्हणाली,
विचारायला येणाऱ्यानं रिकाम्या हातानं येऊ नये.

विचारायचं होतं भावाबद्दल.
एन्ड्रियुस. चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात
धक्क्यावरून जहाजात चढला,
टोपी घरीच राहिली.

मी समजावू लागले:
एकेका शोधयंत्राची खोड निराळी, आजी,
कुणाला जुनी पानं सापडतात,
कुणाला नुसती दुकानंच दिसतात.
पूर्वी प्रत्येकाच्या दारात वेगळं जावं लागे.
आता हा प्रोग्रॅम आलाय, दोन फ्लॉप्यांवर.
प्रश्न एकदाच टाकायचा,
तो सातही दारांवर एकदम थाप मारतो.

"लग्नाआधी पाद्री नावं पुकारतो तसं," ती म्हणाली,
"कुणाला काही ठाऊक असेल तर बोला."

कुर्शायटिस, मी टाइप केलं.
यंत्राला काय माहीत, तिच्या आडनावाचं शेपूट वेगळं
कारण ती बाई, तीही बिनलग्नाची.
त्याच्या लेखी ही दोघं
एकमेकांची कुणीच नव्हती.

फोनच्या तारेत किरकिर. मग उत्तरं, चाळीस.
सारखी सारखी गाळून उरली नऊ.
त्या नवांतल्या एकापुढे पाच यंत्रांची नावं:
कॅनडातले कुणी दंतवैद्य, कुर्शायटिस, निवृत्त.
"पाच जण सांगतायत!" माझा आवाज जरा चढलाच.
पाचामुखी परमेश्वर, नाही का?

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"पाचांनी पाहिलं,
की एकानं सांगितलं आणि चौघांनी मान डोलावली?
सेहेचाळीस साली आमच्या गल्लीत पाच जण म्हणाले,
एन्ड्रियुस बुडाला.
पाचांनाही ते सांगितलं होतं एकाच दूधवालीनं.
आईनं काळे कपडे घातले ते त्या पाचांच्या भरवशावर.
दूधवालीला नीट ऐकू येत नसे."

मला काही सुचेना. पडदा खाली सरकवला.
तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ:
सातवा. उत्तर नाही. वेळ संपली.

"हा कोण?"
असतो एक, कुठल्याशा विद्यापीठातला, फार संथ.
त्याच्यासाठी कुणी थांबत नाही.
"किती वेळ देता त्याला?"
बारा सेकंदं.
"बारा," ती म्हणाली,
बाजारात कुणी भलताच भाव सांगावा तशी.

मी बारा खोडून एकशेवीस केले.
आडनाव या वेळी जर्मन वळणानं लिहिलं: कुर्शाट.
तिच्या शाळेच्या दाखल्यावर असंच होतं,
तिनं सांगितलं, आत्ता, सहज,
आधी मी विचारलं नव्हतं म्हणून.

सहा जण लगेच बोलून मोकळे झाले.
सातव्याच्या चौकटीत ठिपका फिरत राहिला.
फोनचं बिल फिरत राहिलं.
तिनं पिशवीचा बंद सोडला, बांधला,
सोडला.

मग एकच ओळ आली:
कुर्शाट ए., धुरवलेले मासे, कुक्सहाफेन,
शुक्रवारी बंद.

ए म्हणजे आन्ड्रेआस असेल, मी म्हटलं,
आर्नोल्ड असेल. आन्ना नावाची बाईही असेल.
पान कधीचं तेही ठाऊक नाही.
तिचं लक्ष नव्हतं. बोट काचेवर टेकलेलं.
"शुक्रवारी बंद?
अख्खं जग मासे खातं त्या दिवशी
दुकान बंद ठेवणारा गाढव..."
आणि वाक्य तिथेच ठेवून
ती हातमोजे शोधू लागली, जे हातातच होते.

प्रिंटरनं कागद तिरका ओढला.
तिनं तो तसाच घडी करून
माशाच्या रिकाम्या पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी मुख्य ग्रंथपाल मिंडौगास
खुर्चीत चुळबुळत विचारत होते,
हे यंत्र कालपासून एवढं का रेंगाळतंय?
थंडीमुळे असेल, मी म्हटलं.
एकशेवीसचे बारा
मी अजून केलेले नाहीत.