जागा कोणी दाखवली

बोरच्या गाडीवर वही लिहायचं काम माझं.
तारीख, गाव, फूट, केसिंग, पाणी किती इंच.
माडग्याळपासून संखपर्यंत
जत तालुक्याला पाडलेली दोनशे चौदा भोकं
माझ्या अक्षरात आहेत.

धुळाप्पा पायाळू.
जन्मताना पाय आधी आले,
म्हणून जमिनीखालचं त्याला दिसतं, असं लोक म्हणतात.
तो म्हणत नाही.
तो चपला काढतो,
शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवतो
आणि चालायला लागतो.
बांधावरची माणसं बोलायची थांबतात.
मग नारळ उठतो.
खरंच उठतो, शेंडी वर करून उभा राहतो,
आणि धुळाप्पा टाच रोवतो. "हितं."

सगळे नारळाकडे बघत होते,
मी त्याच्या डोळ्यांकडे.
ते आधी करंजाकडे गेले, भर चैत्रात हिरव्यागार,
मग वारुळाकडे,
मग ओढा जिथं विनाकारण वळसा घेतो तिथं.
नारळाला हे सगळं नंतर कळलं.

उमदीच्या शाळेतल्या कोळेकर बाईंनी पैज लावली.
पटांगणात दहा पिंपं, वरून पोती.
पाच भरलेली, पाच रिकामी.
धुळाप्पाच्या डोळ्यांवर त्याचंच उपरणं.
पाच बरोबर, पाच चूक.
"नाणं उडवलं असतं तरी एवढंच," बाई म्हणाल्या.
"पिंपातलं पाणी मेलेलं असतंय, बाई.
त्याला नाडी न्हाई."
पोरं हसली.
बाई हसल्या नाहीत, फळ्यावर आकडे लिहीत राहिल्या.

आणि एकदा बसर्गीच्या वाटेवर
टाच रोवली तिथं गाडीच वळेना.
वर विजेची तार, खाली चर.
सेल्वम म्हणाला, इकडंच लावतो, कोण बघतंय.
पंधरा पावलं अलीकडं लावली.
साठ फुटांवर गेरू, सगळ्यांच्या भुवया लाल.
दोनशे दहावर चुरा ओला झाला,
मग अडीच इंची उसळी.
बायकांनी धुळाप्पाला ओवाळलं.
मी फूट लिहिले.
पावलं लिहायला रकाना नव्हता.

काळा पाषाण पाणी पीत नाही.
ते राहतं भेगेत, मांजऱ्याच्या भोकांत,
दोन थर जिथं नीट बसले नाहीत त्या सांध्यात.
खोल गेलं तर पुष्कळ ठिकाणी थोडंफार असतंच.
लागलं की जेवणावळीत नाव निघतं.
नाही लागलं की भोकावर दगड ठेवतात,
आणि दगडावर कोणी नाव घालत नाही.

एका रात्री गाडी बंद होती, सेल्वम झोपलेला.
मी नारळ घेतला. चपला काढल्या. जरा लाजलो.
चाकाजवळ आलो आणि उठला.
शपथ घेतो, मी उठवला नाही.
मनगट माझंच होतं,
पण हलताना त्यानं मला विचारलं नाही.
बॅटरी मारली.
सांडलेल्या डिझेलचा डाग.
अंधारात मला ओल वाटला होता.

धुळाप्पाला सांगितलं.
तो तंबाखू मळत राहिला.
"तुला वल दिसली नव्हं?
मग नारळ खोटा कुठं?"
"मग नारळ कशाला? नुसतं बोट दावा."
"मोकळ्या हातानं दावलेल्या जागंवर
कोण पैसं वततंय रं?"

हे ऐकून मी वहीत पेन्सिलीनं एक रकाना वाढवला,
जागा कोणी दाखवली.
काल धुळाप्पा आला नव्हता, पाहुण्यांकडं गेला होता.
मालक म्हणाला, तूच सांग, इतकी बघितलीस.
मी बोट दाखवलं.

कालच्या ओळीत लिहिलंय: करंज, वारूळ, मी.
तीनशे वीस फूट.
कोरडं.