उपासाचं तेल

मेन्झच्या पठारावर पहाटे पाणी गोठतं.
कारळं इथे उगवत नाही, ते खालून येतं,
गाढवाच्या पाठीवर, गोणीत,
काळं, चकचकीत, मुंगीच्या डोक्याएवढं.
दोन दिवस चढण चढतं
आणि बाजारातल्या घाण्यात शिरलं की
क्षणात त्याच्या दोन वाटा होतात:
तेल बाटलीत, पेंड फडक्यात.

तेल आमचं.
पंचावन्न दिवस दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही,
शिरोच्या पिठावर तेवढीच एक तार.
पेंड कोकराची.

तपकिरी नर. शेपूट रुंद, एक कान दुमडलेला.
त्याला नाव ठेवू नकोस, मी देरेसेला बजावलं होतं.
त्यानं ठेवलं नाही.
नुसतं "ए" म्हणतो,
आणि ते येतं.

मिस्राक शेतकी खात्याची, शहरातली पोर,
पिशवीत ताणकाटा घेऊन हिंडते.
कोकराला पोत्यात घालून तिनं तुळईला टांगलं,
ते पाय झाडत राहिलं, काटा थांबेना.
मग थांबला. चौदा किलो.
सणापर्यंत वीस झालं तर व्यापारी भाव पाडणार नाही.
पेंड मूठभर, ती म्हणाली,
आणि मूठ तुझी नव्हे, मुलाची.
बाकी जवाचं काड.

मी म्हटलं, मग सबंध दाणेच घातले तर?
तेल सगळं त्यातच. बळही त्यातच.

ती हसली नाही.
म्हणाली, याच्या पोटात एक गाव आहे,
डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसांचं.
ती काड फोडतात, आंबवतात,
स्वतः जेवतात आणि याला जेवू घालतात.
तेल फार झालं की काडावर चिकट पांघरूण बसतं.
गाव कामावर जात नाही.

मी ऐकून घेतलं.

पाचव्या दिवशी ते कोपऱ्यात उभं,
दोन्ही कान खाली,
लेंड्या नाहीत, नुसता चिखल,
आणि जबडा स्थिर.
रवंथ न करणारं कोकरू
किती गप्प असतं
हे आधी कधी कळलं नव्हतं.
डाव्या कुशीला कान लावला.
एरवी तिथे लांबच्या घरातलं जातं फिरतं.
आज कुणी दळत नव्हतं.

शेजारच्या यशीमेबेतनं आपली म्हातारी मेंढी आणली,
ती रवंथ करत असतानाच
तिच्या गालातून हिरवा, गरम घास काढला बोटानं
आणि आमच्याच्या घशात सारला.
कापणीला हात कमी पडले की
पलीकडच्या वाडीतून माणसं येतात, तसं.
दोन दिवस नुसतं काड आणि पाणी.
तिसऱ्या रात्री देरेसे त्याच्या कुशीवर डोकं ठेवून झोपला होता,
झोपेतच म्हणाला, दळतंय.

त्याला मी काही विचारलं नाही.
दाणे कुणी घातले,
कोनाड्यातलं गाडगं कुणी रिकामं केलं,
काहीच विचारलं नाही.
मूठ माझी होती.

सणाच्या आदल्या दिवशी साडेअठरा भरलं.
व्यापाऱ्यानं कण्यावरून अंगठा फिरवला,
मांस चाचपलं, तोंड वाकडं केलं,
आणि पैसे मोजले. भाव पाडलाच, पण थोडा.
दोर त्याच्या हातात देताना
माझ्या बोटांना पेंडीचा वास होता.
ते जाईना. खुंटाभोवती फिरत राहिलं.
देरेसे टेकाडापलीकडे गेला होता,
हाक मारायला कुणी नव्हतं.

मध्यरात्री उपास सुटला.
यशीमेबेतच्या घरून मटणाचं वाडगं आलं,
वर लोण्याचा पिवळा थर.
देरेसेनं ते माझ्याकडे सरकवलं.
शिरो आहे का, म्हणाला.
होता, सकाळचा, घट्ट झालेला.

मी बाटली त्याच्यावर उपडी धरली.
थंडीत शेवटचा थेंब
यायला फार वेळ घेतो.
तो ताटली धरून बसला,
मी बाटली धरून.