नववा छर्रा

पाचगावच्या माळामागं दगडाची खाण आहे, बंद पडलेली.
ठाण्यात अर्ज देऊन, बँकेचं पत्र वरच्या खिशात ठेवून
सकाळी सातला आम्ही तिथं: मी,
इलाही शिकलगार, आणि माझी बाराबोर,
जिला ते माझ्याआधीपासून ओळखतात.

कागद शाहूपुरीतला, गुळाच्या रव्याखाली घालतात तो.
कोपऱ्यात काकवीचा डाग. बांबूच्या चौकटीवर
ताणून बांधेपर्यंत मुंग्या आल्याच.
चाचांनी सुतळीच्या टोकाला कोळसा बांधला,
खिळ्याभोवती तीस इंचांचं वर्तुळ फिरवलं,
म्हणाले, "हवालदार, पंचवीस पावलं.
तुमची फौजेतली नव्हं. माझी."

तांबडी काडतुसं पाच, हिरवी पाच.
दोन्ही डब्यांवर छापलेलं: छर्रे नऊ.
अकरा वर्षं मी तो आकडा वाचून
रजिस्टरात सही करत आलो.
पलटणीत गोळी एकच असायची.
लागायची, नाहीतर चुकायची.
पण एकटी.

पहिलं तांबडं.
खाणीनं आवाज तीनदा परत केला,
कुठूनतरी टिटवी शिव्या देत उठली.
मी खांदा चोळत पोचलो तर चाचा आधीच वाकलेले,
प्रत्येक भोकात आगपेटीची काडी खोचत.
सहा आत. दोन रेघेबाहेर.
"नववा?"
"गेला."
"कुठं?"
"कागद संपतोय तिथनं फुडं मला काय दिसतंय?"

दुसऱ्याला आठ आत. तिसऱ्याला पाच.
एकाच डब्यातली, एकाच दिवशी भरलेली.
"कारखान्यात सगळी सारखीच निघत्यात," चाचा म्हणाले,
"नळीत गेली की ज्याची त्याची चाल.
सोयरीक असती ही. पत्रिका जुळून भागत न्हाई,
नांदवून बघावं लागतंय."

हिरवी नांदली. डाव्या नळीत, जी तोंडाशी जराशी आवळलेली,
नऊच्या नऊ, पुन्हा नऊ, मग आठ.
चाचांनी कागदावर तारीख घातली,
नळीचं नाव, काडतुसाचा रंग,
आणि काड्या मोजून पेटीत परत भरल्या.
बिडी पेटवायला त्यातलीच एक घेतली.

मला निघता आलं असतं.
पण मी म्हणालो, "एक चौदा पावलांवर घेऊ."
"चौदा का?"
"दारापासनं कॅशच्या खिडकीपर्यंत चौदा होतात."
चाचांनी बिडी दगडावर विझवली. काही बोलले नाहीत.
नवा कागद स्वतःच बांधला.

आठ छर्रे भाकरीएवढ्या जागेत, एकमेकांना खेटून.
नववा उजवीकडं.
मी बोटांनी अंतर घेतलं, मग आठवलं म्हणून
खिशातलं पासबुक काढून आडवं लावलं.
बरोबर तेवढंच.
पासबुकाच्या लांबीएवढं.

मुंग्या परत कामाला लागल्या होत्या.
भोकापाशी येत, मिशा हलवत,
कडेकडेनं वळसा घालून डागाकडं जात.

सोमवारी पेन्शनचा दिवस.
नलवडेबाईंच्या खिडकीपुढं रांग थेट दारापर्यंत:
छत्रीला टेकलेले निवृत्त तलाठी,
कनवटीला पिशवी खोचलेली एक म्हातारी,
कुणाचं तरी पोर, पेनाची साखळी ओढत.
मी स्टुलावर, बंदूक गुडघ्यात,
डाव्या नळीत हिरवं.
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा
मी दाराकडं नाही, दाराच्या उजवीकडं बघत होतो.

जेवणाच्या सुट्टीत स्टूल उचललं,
सात फरशा सरकवून असं ठेवलं
की माझ्यासमोर दार येईल,
आणि दाराच्या दोन्ही बाजूंना नुसती भिंत.
रांगेचा दोर मी स्वतः सोडून पलीकडं बांधला.

साहेबांनी विचारलं, "काय हो, जागा का बदलली?"
म्हणालो, "तिथं पंख्याचा वारा लागत नव्हता."

त्यांनी वर बघितलं.
नव्या जागेवर पंखाच नव्हता.