नुबक

पॉलिश नको, मी म्हटलं.
तो उभा सात रस्त्याच्या उन्हात,
पिशवीतून बूट अर्धेच बाहेर काढून.
कडक भाकरीचा रंग,
उजव्याच्या नाकावर तेलाचा डाग.
शेंगाचटणी, मी वासावरून सांगितलं.
तो लाजला. रविवारी साखरपुडा आहे म्हणाला.

हे स्वेड नाही, दादा.
स्वेड म्हणजे आतली बाजू, मांसाला लागून असलेली.
हे वरचं.
ज्याच्यावर माशा बसल्या, बाभळीनं ओरखडलं,
ज्यावरून कुणीतरी कधी प्रेमानं हात फिरवला असेल
ते अंग बारीक कागदानं घासायचं,
चकाकी जाऊन लव उभी राहीपर्यंत.
आणि थांबायचं.
घासणं कुणालाही येतं, बाबा म्हणायचे,
थांबायला तीन वर्षं लागली.

ती तीन वर्षं राणीपेठच्या टॅनरीत गेली.
चुन्यातून निघालेली, क्रोमनं निळी पडलेली कातडी,
मग रंग, मग वाळवण,
मग रेवप्पाच्या हाताखालचं घासायचं यंत्र.
एक फेरा जास्त झाला की माल बाद.
परत आले ते चार तमिळ शिव्या
आणि न जाणारा खोकला घेऊन.

आई अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायची.
रात्री तिच्या मांडीवर नापास टॉवेल,
त्यांच्या मांडीवर कुणाचा तरी बूट.
ती तळवा फिरवायची: इकडून गडद, तिकडून फिकट.
ते बोट ओढायचे: तेच.
तुझं तर पाणी पितं, ते म्हणायचे,
माझ्याला पाणी दाखवायची सोय नाही.

मीही चुकले आहे.
चौदाची होते, बाबा दवाखान्यात,
एका डॉक्टरीणबाईंच्या नुबकवर
मी चेरी पॉलिश मारलं. भरपूर. मन लावून.
लव चिखलासारखी बसली ती बसलीच.
बाबा ओरडले नाहीत.
वर्षभर त्यांच्या घरच्या चपला फुकट शिवल्या.
त्यातला डावा बूट अजून पेटीच्या तळाशी आहे,
सुया ठेवायला बरा पडतो.

तर आधी कोरडा ब्रश, एकाच अंगानं.
डागावर पावडर, साधी, तोंडाला लावतो तीच,
रात्रभर. तेल ती हळूहळू ओढते.
सकाळी झटकायची, मग खोडरबर, दाबून नाही.
उन्हात ठेवायचं नाही, त्रेचाळीसमध्ये माणूस तडकतो,
हे तर कातडं.
आत कोरा कागद कोंबा. पेपर नको, अक्षरं उमटतात.

शनिवारी आला. डागाची सावली राहिली होती,
माहीत असलेल्यालाच दिसेल एवढी.
सगळं जात नाही, मी म्हटलं.
त्याने बूट उजेडात धरले, खूश झाला,
पैसे माझ्या पसरलेल्या हाताशेजारी
पेटीच्या झाकणावर ठेवले, नीट, नाणी वर,
आणि गाडीला किक मारली.

तेव्हा दिसलं,
डाव्या टाचेवर माझा अंगठा उमटलेला,
अख्खा, गडद.
ब्रश फिरवायचा राहिला होता.
हाक मारली असती तर ऐकू गेली असती,
सिग्नल लाल होता.