पाठवणीचा वेग

नारिनहून अत-बाशीला जाताना खिंडीत
दोनदा गाडी थांबवून मी चाकांना साखळ्या बांधल्या.
मागच्या सीटवर सहा कॅमेरे, एक रेकॉर्डर,
आणि फोनमध्ये बुरुलचा येकातेरिनबुर्गहून आलेला निरोप:
सगळं दिसायला हवं. स्वच्छ. चोवीस तास.

बेकरीत रात्रपाळी करणाऱ्या बाईचे
चोवीस तास कुठून कुठपर्यंत, ते मी विचारलं नाही.

शारशेन आबांनी भिंतीवर चिकटवलेला कंपनीचा कागद दाखवला.
वीस मेगाबिट. आकड्यावर बोट ठेवून, दोनदा.
म्हटलं, आबा, हे घरात येणारं.
घरातून जाणारं वेगळं असतं.
मोजलं. एक पूर्णांक नऊ.
आबा हसले. माणसांचं उलटं आहे, म्हणाले,
जायचा रस्ता रुंद,
यायचा बघ ना, साखळ्या बांधाव्या लागतात.

पिठाच्या रिकाम्या पोत्यावर मी हिशेब मांडला.
सहा कॅमेरे, प्रत्येकी चार : चोवीस.
रेकॉर्डर ते सहज गिळेल, त्याचं पोट मोठं,
पंधरा दिवस साठवेल, काळोखासकट.
पण बुरुलपर्यंत जाणार ते दोनाच्या आतलं.
आडात भरपूर आहे,
पोहराच वाटीएवढा.
त्यातूनही तिसरा हिस्सा सोडायचा :
शेजारचा नातू अभ्यासाच्या नावाखाली याच तारेवर असतो.
उरले बाराशे किलोबिट, भागिले सहा.
दोनशेत सेकंदाला सहा चित्रं.
घोडा आहे एवढं कळेल,
कोणता ते नाही.

बुरुलला फोन लावला.
सगळे अंधुक बघ, नाहीतर पाच बंद करून एक नीट बघ.
एक कुठला? तबेला, फाटक, गवताची गंजी?
पलीकडे बराच वेळ ओव्हनचा पंखा.
मग म्हणाली, दारातलं बाकडं.
ते जिथे बूट काढतात ते.

घोड्यांसाठी पैसे पाठवले होते तिने.
मी काही बोललो नाही, शिडी हलवली.

निघताना आबांनी विचारलं, यात खर्च कशाचा होतो?
सांगितलं : हलण्याचा.
जे स्थिर, ते यंत्र पुन्हा पाठवत नाही,
भिंत एकदा सांगितली की सांगितली.
जे बदललं तेवढंच जातं.
म्हणून वारा महाग. घोड्याची शेपटी महाग.
बर्फ पडायला लागला
की प्रत्येक ठिपका बदलतो, सगळी तार त्यातच संपते.
हे मी कामाचं म्हणून सांगितलं.
एवढं लक्षात ठेवतील असं वाटलं नव्हतं.

जानेवारीत बुरुलचा फोन.
चित्र अडकलंय.
रोज तिथल्या आठला, इथल्या नऊला, अडकतं.
बाबा बाकावर बसलेले, बूट पायातच,
हात गुडघ्यांवर, आणि पुढे काही नाही.
वीस-वीस मिनिटं.

मी इथून तपासलं. वेग ठीक होता.
कोपऱ्यातलं घड्याळ सेकंद मोजत होतं.
तार जवळजवळ रिकामी,
कधी नव्हे इतकी रिकामी.
चित्र मोठं करून पाहिलं.

बाकाच्या कडेला चहाची वाटी होती,
तिच्यावरची वाफ हलत होती.
तेवढीच.

अडकलं नाहीये, मी तिला म्हटलं.
मग?
मग कसं सांगावं, शोधत राहिलो,
आणि तेवढ्यात आबांनी, न राहवून,
हळूच,
अगदी कमी खर्चात,
नाक पुसलं.